शुक्रवारची सिरिंज

दादा : गाडीच्या डबीत साठ मिलिलिटर ऑइल होतं. काल संध्याकाळी सहा वाजता मी स्वतः मोजून ओतलं, डबीचं झाकण घट्ट केलं आणि वाचनालयात गेलो. आज सकाळी सात वाजता त्याच डबीत पाच आहे.

छोटी : गळलं असेल.

दादा : खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. हे बघ. एक थेंब नाही.

छोटी : मग इंजिनाने ओढलं असेल. तूच सांगतोस ना, इंजिन ओढतं म्हणून.

दादा : चालू असलं तर ओढतं. गाडी गुरुवारपासून शेडच्या बाहेर पडलेली नाही.

छोटी : म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवलीस.

दादा : पाळत मी डबीवर ठेवली होती. सापडलीस तू.

छोटी : चहा निवतोय. आत चल, बसून बोलू. इथे उभ्या उभ्या प्रेशर चढेल तुझं.

दादा : सकाळीच मोजलंस की. एकशे तीस-ऐंशी म्हणालीस. तेवढ्यावर मला अर्धा तास उभं राहता येतं. शेडला किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, दुसरी फ्रिजवरच्या वाटीत. घरात माणसंही दोन. पुढचं गणित मला करायला लावू नकोस.

छोटी : नको करूस. मीच काढलं.

दादा : कशाने?

छोटी : सिरिंजने. पन्नासची, टोकाला रबरी नळी लावलेली. काल दोनदा ओढावं लागलं. ऑइल एवढं स्वच्छ कसं, असं मला वाटलंही होतं.

दादा : तरी काढलंस.

छोटी : हाताला सवय झाली आहे आता.

दादा : सवय. म्हणजे कालचं पहिलं नव्हे.

छोटी : तुला संशय कधीपासून होता, ते आधी सांग.

दादा : संशय नव्हता, दुखणं तेच आहे. मला फक्त बेरीज जुळत नव्हती. अठरा शनिवारांत मी इंजिनात सहा वेळा ऑइल घातलं, दर वेळी दीडशे. नऊशे झालं. इंजिनातून वाफेबरोबर निघून डबीत जमा झालं ते वहीप्रमाणे चारशे तीस. जमिनीवर डाग नाही, मागून धूर नाही. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासलं, ठणठणीत. मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडून आतून पांढरं फडकं फिरवलं. वही म्हणत होती की हवेचा मार्ग कोरडा पडत चाललाय. फडकं काळं झालं, आणि बोटांना चिकटलं. मी वहीवर विश्वास ठेवला आणि इंजिनावर संशय घेतला. शेवटी वाटलं, डबीच्या खुणाच चुकीच्या असतील, म्हणून काल मोजून साठ ओतले. घराचा विचार एकदाही मनात आला नाही. नऊशेतून चारशे तीस वजा केले की उरतात चारशे सत्तर. ते गेले कुठे, एवढंच मला हवं होतं.

छोटी : चारशे साठ.

दादा : काय?

छोटी : मी काढलं ते चारशे साठ. कालचे पंचावन्न त्यात धरलेले नाहीत. उरलेले दहा फडक्याला लागले असतील. नळीच्या टोकाशी नेहमी थोडं राहतं.

दादा : तू मोजलंस?

छोटी : न मोजता मी आयुष्यात काही ओतून दिलेलं नाही.

दादा : किती शुक्रवार?

छोटी : चौदा. कालचा पंधरावा.

दादा : थांब. मला क्रमाने जाऊ दे. पहिल्या शनिवारी बावन्न आले. मी इंजिनाची वाफ सोडणारा जुना व्हॉल्व्ह काढून नवा बसवला. मग चव्वेचाळीस, मग अडतीस. हे तीन?

छोटी : तुझे. अगदी खरे.

दादा : चौथा सत्तावन्न.

छोटी : तोही खरा. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

दादा : पाचवा चौतीस. तिथून तीस, सत्तावीस, चोवीस, असं उतरत उतरत मागच्या आठवड्यात पाच. ते चौदा आकडे मी आलेखाच्या कागदावर मांडले, छोटी. इतकी सुबक वक्ररेषा तीस वर्षांत मला वर्गात दाखवता आली नव्हती. तो कागद भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. आणि ती रेषा तू आखली होतीस.

छोटी : एकदम शून्यावर आणलं असतं तर तुला खरं वाटलं नसतं.

दादा : फारच विचार केलास.

छोटी : केला. त्या सत्तावन्नच्या दिवशी तू जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. तुला आठवत नसेल, मला आठवतं. कॉलेजने तुझं वर्कशॉप बंद केलं, इंजिनं भंगारात गेली, तेव्हापासून चार महिने तू खिडकीकडे पाठ करून बसायचास. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ द्यायचास. मग तो तुझा जुना विद्यार्थी, शाळेच्या व्हॅनवाला, आला. सर, माझ्या गाड्यांच्या हवेच्या नळ्या ऑइलने बरबटतात, काहीतरी करा म्हणाला. दुसऱ्याच दिवशी तू दाढी केलीस, आपल्या गाडीवर प्रयोग सुरू केलास. शेडमधून शीळ ऐकू आली. आकडा उतरला की तू मागून वाढून घ्यायचास. मला एवढंच कळत होतं, दादा. आकडा उतरला की माणूस जेवतो.

दादा : तीस वर्षं वॉर्डात काढलीस. कुणाच्या कागदावरचा आकडा कधी बदललास?

छोटी : कधीच नाही.

दादा : तिथे नाही, आणि इथे बदललास.

छोटी : तिथे पेशंट माझा कुणी नव्हता.

दादा : इथे पेशंट गाडी होती.

छोटी : तुझ्यासाठी.

दादा : अकरा वाजता तो येतोय. काय घ्यायला येतोय, माहीत आहे ना?

छोटी : तुझ्या सहीचा कागद.

दादा : आणि कागदावर काय लिहिलंय? की व्हॉल्व्ह आणि हवेची नळी यांच्या मध्ये ही डबी बसवावी. इंजिनाच्या पोटातून वाफेबरोबर येणारं ऑइल तिच्यात साचतं. दर दोन महिन्यांनी रिकामी करावी. दोन महिने कुठून आले? तुझ्या रेषेवरून. डबीत अडीचशे मावतं. आठवड्याला पाच-सहा धरले, व्हॅन चौपट धावते हे धरलं, तरी दोन महिने निघतात, असं मी छातीठोकपणे लिहिलं. खरा आकडा पन्नासच्या घरात असेल तर तिची डबी आठ-दहा दिवसांत काठोकाठ भरते. मग शाळेच्या चढावर ते सगळं ऑइल एका दमात इंजिनात जातं. धूर होतो, गाडी बंद पडते. आत मुलं असतात.

छोटी : पण अजून बसवल्या नाहीत ना?

दादा : एक बसवली आहे. तीन आठवड्यांपूर्वी.

छोटी : हे मला तू सांगितलं नाहीस.

दादा : तुला सांगायची गरज आहे हे मला माहीत नव्हतं.

छोटी : त्याला फोन कर.

दादा : तू वर होतीस तेव्हाच केला. ती गाडी चालवत नेऊ नकोस, डबी उघडून पाहिल्याशिवाय हलवू नकोस, म्हणालो. तो हसला. रिकामी करून तीच घेऊन येतो म्हणाला. तुझी ती नोंद आण.

छोटी : कशाला?

दादा : खरे आकडे माझ्या वहीत नाहीत, तुझ्याकडे आहेत. आण.

(छोटी घरात जाऊन घडी घातलेला एक रेघांचा कागद घेऊन येते.)

दादा : हा वॉर्डातला तक्ता आहे.

छोटी : आत किती गेलं, बाहेर किती आलं. मला दुसऱ्या पद्धतीने लिहिता येत नाही. डावीकडे तू घातलेलं. उजवीकडे डबीतलं खरं. शेवटी मी काढलेलं.

दादा : ही लाल टिंबं?

छोटी : तू ऑइल घातलेले शनिवार.

दादा : तिसरा शनिवार टिंब, चौथ्याला सत्तावन्न. सहावा टिंब, सातव्याला एकसष्ट. नववा, दहाव्याला एकोणसाठ. मधल्या आठवड्यांत उतरतं. प्रत्येक टिंबानंतर आकडा चढलाय.

छोटी : हो.

दादा : हे तुझ्या लक्षात कधी आलं?

छोटी : दहाव्या आठवड्यात. पेशंटला सलाइन जास्त गेलं की असंच होतं. आत जास्त, म्हणून बाहेर जास्त.

दादा : म्हणजे इंजिनात ऑइल गरजेपेक्षा जास्त आहे. दोष व्हॉल्व्हचा नाही, इंजिनाचाही नाही. हे उत्तर आहे. मी अठरा आठवडे जे शोधत होतो ते उत्तर. आणि ते दोन महिने तुझ्या कपाटात घडी घालून ठेवलेलं होतं.

छोटी : बोलले असते तर आकडे कुठून आणले ते सांगावं लागलं असतं.

दादा : डबीतलं काढलंस ते मी एक वेळ समजू शकतो. हे नाही.

छोटी : मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल. इंजिन तुझा विषय.

दादा : कसं यावं? अर्धा कागद तुझ्याकडे होता.

छोटी : ओरड माझ्यावर. असं हळू बोलू नकोस.

दादा : पण डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसते. दर शनिवारी बघतो. सकाळी सात, इंजिन गार, जागा हीच. एकदाही चुकवलं नाही. वरच्या खुणेच्या खाली दिसली तरच घालतो. मग जास्त कसं होईल?

छोटी : जागा हीच म्हणजे या शेडमध्ये?

दादा : दुसरीकडे कुठे?

छोटी : मागे मी इथे बादली सांडली तर पाणी दाराकडे पळालं होतं. तूच म्हणालास, फरशीला उतार मुद्दाम ठेवलाय, गाडी धुतली की पाणी बाहेर जावं म्हणून.

दादा : हो. मीच गवंड्याला सांगून करून घेतला. चार बोटांचा.

छोटी : मग?

दादा : मग गाडीचं नाक वर राहतं. ऑइल मागे सरकतं. पट्टी पुढे आहे. ती कमी दाखवते. आणि मी घालत राहतो. एकाच जागी शंभर वेळा मोजलं तर शंभर वेळा तीच चूक हाती येते. दर वर्षी पहिल्या तासाला मी हे फळ्यावर लिहायचो.

छोटी : दादा, बस जरा. त्या डब्यावर बस.

दादा : हॉर्न वाजला. आला तो.

व्हॅनवाला : सर, नमस्कार. सिस्टर, नमस्कार. सर, तुम्ही फोनवर घाबरवलंत राव. मी म्हटलं, उघडून बघू. गळ्यापर्यंत भरलेली होती. ही बाटली बघा. ड्रायव्हर चार दिवस सांगत होता, चढावर गाडी धापा टाकते म्हणून. मीच त्याला गप्प बसवलं. सरांनी दोन महिने म्हटलंय म्हणजे दोन महिने.

दादा : मुलं होती?

व्हॅनवाला : काही झालं नाही हो. एकदा बंद पडली, धक्का मारला, सुरू झाली. मुलांना मजाच वाटली.

दादा : मला मजा वाटत नाही. आधी एक काम कर. ही गाडी बाहेर सपाट रस्त्यावर ढकलायची आहे. सुरू करायची नाही.

व्हॅनवाला : एवढंच? व्हा बाजूला. सिस्टर, स्टिअरिंगला बसा तुम्ही. अजून वर्गात असल्यासारखं वाटतंय सर, गाडी ढकलायला नेहमी मीच.

दादा : कारण तू नेहमी उशिरा यायचास. हं. थांब. हँडब्रेक. आता दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही.

व्हॅनवाला : दहा मिनिटं कशाला?

दादा : ऑइल स्थिर व्हायला. तोवर ऐक. मी तुला दिलेले आकडे खोटे आहेत. कागद मिळणार नाही. बाकीच्या अकरा गाड्यांना डबी बसवू नकोस. जिला बसवली आहे तिची दर शनिवारी उघडून बघ.

व्हॅनवाला : खोटे म्हणजे? सर, तुम्ही आणि खोटे आकडे? प्रॅक्टिकलच्या वहीत एक आकडा खोडला म्हणून मला परत सगळं करायला लावलं होतंत.

दादा : वही माझी, अक्षर माझं. त्यापुढचं विचारू नकोस.

छोटी : आकडे मी बदलले. दर शुक्रवारी डबीतून ऑइल मी काढत होते, सरांना न सांगता. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं.

व्हॅनवाला : सिस्टर.

छोटी : खरं सांगते आहे.

व्हॅनवाला : अहो, कळतं मला. माझी आई पण अशीच करायची. बाबा गॅस चालू ठेवायचे, ही म्हणायची मीच ठेवला. मोठ्या भावाला सांभाळून घेताय, चांगलं आहे. पण त्यात लाजण्यासारखं काय आहे? वय झालं की होतं असं.

छोटी : मी सांभाळून घेत नाही. माझ्याकडे कागद आहे. हा बघा, तारखांसकट.

व्हॅनवाला : अरे वा, तक्ता पण बनवलात. राहू द्या, सिस्टर.

दादा : छोटी, पुरे.

छोटी : पण याला पटत नाही.

दादा : नाही पटणार. पट्टी काढ रे. पूस. परत घाल. आता काढ आणि मोठ्याने वाच.

व्हॅनवाला : वरच्या खुणेच्या... सर, हे तर दीड बोट वर आहे. एवढं कुणी घातलं?

दादा : मी.

व्हॅनवाला : तुम्ही?

दादा : उतारावर उभी करून मोजत होतो. ऑइल पातळीच्या वर गेलं की क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो, आणि वाफेबरोबर सगळं हवेच्या नळीत जातं. सपाटीवर मोजून जास्तीचं काढून टाकलं की हे थांबेल. तुझे ड्रायव्हर कसं मोजतात?

व्हॅनवाला : मोजतात कसले? डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागेल या भीतीने वाटेल तेवढं ओततात.

दादा : मग तुझ्या बाराही गाड्यांचं दुखणं हेच असणार. आधी ते बंद कर. सपाट जागा, गार इंजिन, दोन खुणांच्या मध्ये. डबी नंतर. लिहून घे.

व्हॅनवाला : लक्षात राहील सर.

दादा : लिहून घे म्हटलं.

व्हॅनवाला : लिहितो नंतर. सर, एक बोलू का? रागावू नका. त्या रविवारच्या वर्गाचं. ड्रायव्हर लोकांना तुम्ही शिकवणार होतात ना, पुढच्या रविवारपासून. ते जरा पुढे ढकलू या. चढावर गाडी बंद पडल्याचं सगळ्यांना कळलंय. लोक हसतील, आणि ते मला सहन व्हायचं नाही. तुम्ही विश्रांती घ्या. मी फोन करतो.

दादा : मी फळा रंगवून ठेवला होता.

व्हॅनवाला : राहील की फळा, कुठे जातोय. येतो सर. सिस्टर, काळजी घ्या यांची.

छोटी : ऐका. मी तुमच्याबरोबर येते. ड्रायव्हर लोकांसमोर सांगते, हवं तर लिहून देते.

व्हॅनवाला : बसा हो सिस्टर. चहाला येईन कधीतरी.

दादा : जाऊ दे त्याला.

छोटी : गेला. मला वेड्यात काढून गेला.

दादा : तुला नाही, मला. तुझ्यावर तो खूश होऊन गेला.

छोटी : मी त्याच्या घरी जाईन संध्याकाळी. त्याच्या आईला ओळखते मी.

दादा : काय सांगशील? खरं तर सांगून झालं. खऱ्याचं आता काही होत नाही. तो आलेख काढून आण भिंतीवरचा.

छोटी : फाडू?

दादा : फाडायचा नाही. मागच्या कोऱ्या बाजूला तुझा तक्ता उतरवायचा आहे. खरे अठरा आकडे. वर लिही, फरशीचा उतार लक्षात न घेतल्याने झालेली चूक. ती माझी.

छोटी : आणि माझी?

दादा : तिला वहीत रकाना नाही.

छोटी : काहीतरी बोल, दादा. चार शब्द सुनाव मला. तू असा नीट बोलतोस ना, तेव्हा मी कुणीतरी परकी आहे असं वाटतं.

दादा : मी फक्त विचार करतोय. तू मला उपाशी बघू शकली नाहीस म्हणून आकडा उतरवलास. हे कारण मला पटतं. म्हणूनच ते एका जागी थांबत नाही. पुढे पुढे जातंय.

छोटी : कुठे जातंय?

दादा : दिवाणखान्यात. रोज सकाळी तू माझ्या दंडाला पट्टा बांधतेस. नळ्या तुझ्या कानात असतात. ठोके तू ऐकतेस, आकडा तू सांगतेस, मी कॅलेंडरवर लिहितो. दोन वर्षं झाली. एकशे तीस, एकशे अठ्ठावीस, एकशे तीस. सुबक रेषा आहे तीही.

छोटी : दादा.

दादा : आज सकाळी एकशे तीस होतं का?

छोटी : आत चल.

दादा : होतं का?

छोटी : चल आत. मी यंत्र काढते. आज नळ्या तू तुझ्या कानाला लाव.